खालूजानची पेटी

परभणी जंक्शनला गाडी बदलून परळीच्या वाटेला लागले की सिंगणापूरनंतर पोखर्णी येते. अर्ध्या तासाचाही प्रवास नाही. पण वैशाख होता, नृसिंह जयंती दोन दिवसांवर आलेली, आणि डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पोखर्णीचे नृसिंहाचे देऊळ जुने, लांबलांबून माणसे येतात. रेल्वेनेही स्टेशनच्या नावाला ‘नृसिंह’ जोडून टाकले आहे. आम्ही दोघे दाराजवळ उभे होतो आणि पायांपाशी पुस्तकांची पिशवी होती.

खाली बसलेल्या एका आजींनी विचारले, “नारळ हायेत का पिशवीत?”

“पुस्तकं आहेत, आजी.”

“एवढी? पोथ्या का?”

“नाही, गोष्टींची.”

“मग द्या की एखादं. हे पोरगं तरी गप बसंल.”

‘किशोर’चा एक जुना अंक काढून दिला. पोरगं खरंच गप बसलं. पोखर्णी आली तेव्हा ते मधल्या पानावर होते, आणि अंक परत मागायचा धीर आम्हा दोघांपैकी एकालाही झाला नाही.

पिशवी कशासाठी होती ते सांगायला हवे. पोखर्णीला आमच्या खालाजान राहतात. त्यांच्या मुलाचा, म्हणजे भाईजानचा, आठवड्यापूर्वी फोन आला होता. “तुम्ही दोघं शिकवणारे लोक. दोन दिवस येऊन जा. पोरीला जरा समजवा. नॉवेलं वाचून वाचून तिचं डोकं फिरलंय.” पोरीने दहावीची परीक्षा दिली होती आणि निकाल यायचा होता. अकरावीला पाठवायचे म्हणजे परभणी किंवा गंगाखेड, रोजची गाडी, रोजची काळजी. एक स्थळही चालून आले होते. ही नॉवेलं नसती तर पोरगी मुकाट ऐकली असती, असे भाईजानचे म्हणणे. आम्ही ‘येतो’ म्हणालो. समजवायला निघालेल्या माणसांनी सोबत पिशवीभर कादंबऱ्या का घ्याव्यात, याचे उत्तर मात्र परभणीपर्यंत आम्हाला सापडले नव्हते.

स्टेशनवरून घराकडे जाताना दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी जमीन. ढेकळे इतकी मोठी की वर बसलेला बगळा लहान वाटावा. घराघरापुढे चुलीसाठी रचलेले पऱ्हाट्यांचे ढीग. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ असे आमच्याकडे अभिमानाने म्हणतात; त्या परभणीचा मे महिना मात्र जर्मनीतल्या कुणाला सोसणार नाही. खालाजानचे घर अजून निम्मे माळवदाचे आहे, निम्म्यावर स्लॅब पडला आहे. लहानपणी मामेभावंडे, खालाजाद भावंडे, आम्ही सगळे उन्हाळ्यात त्या माळवदावरच झोपत असू.

पोरीने सलाम केला, पाणी आणले, आणि तिची नजर सरळ पिशवीवर गेली.

संध्याकाळी असरनंतर तिने आपली वही दाखवली. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक पान: नाव, लेखक, कुठून मिळाले, किती दिवसांत संपले, आणि खाली दहापैकी गुण. शिक्षकांची मुलांवर छाप पडते म्हणतात ती अशी. ‘कुठून मिळाले’ हा रकाना वाचताना तर आम्ही थबकलोच. रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेली. मैत्रिणीच्या मामाकडून. परभणीत दाखवायला नेलेल्या दवाखान्यासमोरच्या फुटपाथवरून. अब्बांच्या मोबाइलवर, रात्री अकरानंतर. शाळेचे नाव त्या रकान्यात फक्त दोनदा होते. तिच्या शाळेत पुस्तकांचे कपाट होते, पण किल्ली ज्यांच्याकडे होती ते म्हणत, पुस्तके फाटतात. फाटली नाहीत खरी. वाळवीने मात्र न उघडता वाचली.

‘फास्टर फेणे’ला दहापैकी नऊ. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरून संकटात शिरणारा आणि ‘ट्टॉक’ करणारा, आमच्या आधीच्या पिढीपासून पोरांना वेड लावतो आहे. १९८७ मध्ये तो दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये सिनेमात. पोरीने लिहिले होते, “मजा येते. पण मुलीला सायकल दिली असती तर संकट घरातूनच सुरू झाले असते.” ‘हॅरी पॉटर आणि परीस’ला आठ: “जिन्याखालच्या कपाटात झोपणारा मुलगा खरा वाटतो. जादू नंतर येते, म्हणून तीही खरी वाटते.” आणि मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. नववीतला जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर. ही कादंबरी २००४ साली आली तेव्हा आम्ही नुकते नोकरीला लागलो होतो आणि स्टाफरूममध्ये ती हातोहात फिरली होती. पोरीचा शेरा: “सगळी गोष्ट जोशीच्या डोळ्यांनी. शिरोडकरला काय वाटले ते कुणीच विचारले नाही. तिची एक वही हवी होती.”

वीस वर्षांत ही गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती.

मग एक पान आले. मागच्या ईदला आम्हीच पाठवलेली एक इस्लाही कादंबरी, सद्वर्तनी मुलीची, शेवटी सगळे सुधारतात अशी. गुण तीन. “दुसऱ्या पानावर शेवट कळतो. लेखिका माझ्याकडे बघत बोलते, गोष्टीतल्या मुलीकडे बघत नाही.” पोरगी खाली मान घालून बसली होती. आम्हाला राग आला, हे कबूल करायला हरकत नाही. मग हसू आले. वर्गात आम्हीही पुष्कळदा असेच बोलतो.

इंग्रजीत या वयाच्या पुस्तकांना ‘यंग अॅडल्ट’ म्हणतात. दुकानात त्यांची वेगळी कपाटे असतात. हे वय पूर्वी कुणी मोजतच नसे, पऱ्यांच्या गोष्टी संपल्या की थेट मोठ्यांचे साहित्य. अमेरिकेत एस. ई. हिंटन नावाच्या मुलीला शाळेत असताना वाटले की आपल्यासारख्या पोरांवर कुणी खरे लिहीत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी ती लिहायला बसली आणि १९६७ मध्ये ‘द आउटसायडर्स’ छापून आली. आपल्याकडे १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’ निघते, आणि त्याचे जुने अंक आता मोबाइलवर फुकट वाचता येतात; पोरीने त्यातले कितीतरी वाचून संपवले होते. पण किशोर वय संपून मोठेपण सुरू होईपर्यंतची जी चार-पाच वर्षे, त्यांच्यासाठी मराठीत पुस्तके थोडी. आणि त्या थोड्यांत आपल्या घरासारखे घर असलेली आणखी थोडी. पोरीने विचारलेच, “फुप्पीअम्मा, या पुस्तकांतली मुलगी कधी सहरीला का उठत नाही?” सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले, चांगले लिहिले गेले, पण ते बहुतेक मोठ्यांनी मोठ्यांसाठी. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात ठेवावे असे आम्ही आठवत राहिलो आणि पिशवीकडे बघत राहिलो. पिशवीतही नव्हते.

रात्री जेवायला खिचडी-खट्टा होता. भाईजान वाट बघत होते. ते तसे कठोर नाहीत. खताच्या दुकानात हिशेब लिहितात, आणि पोरीच्या फीसाठी त्यांनी कधी मागेपुढे पाहिले नाही. त्यांचे मुद्दे तीन होते. एक, या पुस्तकांत मुलामुलींचे प्रेम असते. दोन, जादूटोणा असतो, आणि तो आपल्या दीनमध्ये चालत नाही. तीन, वाचून पोरगी उलट प्रश्न विचारते. “इक्रा म्हणजे वाच, हे मलाही माहीत आहे,” ते आम्ही तोंड उघडण्याआधीच म्हणाले, “पण इक्रा म्हणजे नॉवेल नव्हे.”

जादूचे उत्तर सोपे होते. आपले पूर्वज ‘अलिफ लैला’ आणि ‘तिलिस्मे होशरुबा’वर वाढले. होशरुबाचे जाडजूड खंड एकोणिसाव्या शतकात लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांनी छापले, आणि त्या तिलिस्मात जितके जादूगार आहेत तितके हॅरी पॉटरच्या अख्ख्या शाळेत नसतील. ते वाचून कुणी जादूगार झाला नाही. प्रेमाच्या मुद्द्यावर आम्ही एवढेच म्हणालो की पोरगी ते पुस्तक लपवत नाही, वहीत लिहून ठेवते, आणि काय लिहिते ते एकदा वाचून बघा. तिसऱ्या मुद्द्यावर आम्ही गप्प राहिलो. आमच्या शाळेतही प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे कौतुक बक्षीस समारंभात होते, वर्गात होतेच असे नाही.

तोवर खालाजान काही बोलल्या नव्हत्या. ऐंशीच्या जवळ आल्या आहेत, ऐकू कमी येते असे सगळे समजतात. त्या एकदम म्हणाल्या, “तेरा बाप क्या पढ़ता था, मालूम है ना तेरेकू?”

भाईजान ताटात बघू लागले.

खालूजान रेल्वेत गँगमन होते. निजामाच्या अमलात दोन-तीन इयत्ता उर्दूतून झाल्या, १९४८ नंतर मराठी शाळा आली, मग शाळा सुटली. पण दोन्ही लिप्या हातात राहिल्या. रुळांवरचे काम आणि रात्री कंदिलाजवळ इब्ने सफी. परभणीत भाड्याने पुस्तके देणारी दुकाने होती, आणा लायब्ररी म्हणत. दर एकाआड शनिवारी ते तिथून ‘जासूसी दुनिया’चे अंक आणत, आणि काही परत करायचे विसरत. आम्ही भावंडांनी सुट्टीत त्यांच्या उशाखालून ते काढून वाचले आहेत. उर्दू वाचायची गोडी आम्हाला तिथे लागली. बी.एड. पुढे झाले.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद, जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचे. १९५२ मध्ये अलाहाबादेतून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद त्यातले. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, १९५५ पासून इमरान सीरिज लिहू लागले, आणि दोन्ही देशांत माणसे रांगा लावून त्यांची पुस्तके घेत राहिली. एका बैठकीत कुणीतरी म्हणाले की अश्लीलता घातल्याशिवाय उर्दूत कादंबरी खपायची नाही; ते खोटे ठरवण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली, असे सांगतात. दोनशेहून जास्त कादंबऱ्या लिहून १९८० मध्ये, बावन्न वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २६ जुलैला ते वारले. त्यांचे पुस्तक बापाने मुलीसमोर मोठ्याने वाचावे असे असे. तरी त्या काळी त्यालाही ‘नॉवेल’च म्हणत आणि उशाखालीच ठेवत.

“पेटी है क्या अभी?” आम्ही विचारले.

पेटी होती. पलंगाखाली, पत्र्याची, कडी गंजलेली. पोरीने ती ओढून काढली आणि उघडली. निम्मी पुस्तके वाळवीने मातीसारखी केली होती. बाकीच्यांची पाने पिवळी, कोपरे विरलेले, पण अक्षर शाबूत. पोरीने एक उचलले, उलटसुलट केले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आले ते आम्ही लवकर विसरणार नाही. तिला ते वाचता येईना. मदरशात नाजरा पूर्ण झालेला, कुरआन शरीफ ती जेर-जबरसकट झरझर वाचते. पण शाळा मराठी माध्यमाची. जेर-जबर नसलेली, घाईने लिहिलेली, कातिबाच्या हातची ती उर्दू तिच्यासाठी कुलूपच. अलिफ, बे ओळखू येतात आणि शब्द लागत नाही. आजोबांची अख्खी पेटी घरात, आणि चावी पुन्हा दुसऱ्याच कुणाकडे.

यात भाईजानचा दोष नाही. गावात मराठी शाळा होती, चांगली होती, पोरगी मराठीत वर्गात पुढे राहिली. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो आणि तरी सांगतो: मराठी शाळेत घातले याचा पस्तावा कुणी करू नये. पण सुट्टीच्या दोन महिन्यांत रोज अर्धा तास दिला तर कुरआन वाचता येणाऱ्या मुलीला उर्दू लागायला वेळ लागत नाही. अक्षरे तर तिच्याकडे आधीच असतात. हे काम शाळेने करावे म्हणून आपण वाट बघत बसतो.

इशानंतर सगळे माळवदावर गेलो. वारा सुटला होता. गंगाखेडच्या दिशेने जाणाऱ्या गाडीचे दिवे दूरवर सरकताना दिसत होते, पलीकडे गोदावरी. मोबाइलचा दिवा धरून आम्ही आळीपाळीने वाचू लागलो. एक पान उर्दूत, अडले तिथे मराठीत समजावून. हमीदने फरीदीला चिडवले की पोरगी हसायची, पण खरा कहर जाडजूड कासिम आला तेव्हा झाला. खालाजानही हसत होत्या. म्हणजे ऐकू येत होते. भाईजान कठड्याशी पाठ करून पडले होते, झोपल्यासारखे.

मधे चहासाठी थांबलो तेव्हा आम्ही औरंगाबादची हकिकत सांगितली. २०२१ च्या जानेवारीत, कोरोनाने शाळा बंद असताना, मरियम मिर्झा या शाळकरी मुलीने आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांसाठी घरच्या पुस्तकांतून बाल वाचनालय सुरू केले. वडील पुस्तकांच्या व्यवसायातले, रीड अँड लीड फाउंडेशनची साथ होती. एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात असे करत ही वाचनालये तीसच्या वर गेली. साताऱ्याकडे भिलार गावात सरकारने २०१७ च्या मे महिन्यात घराघरांत पुस्तके ठेवून पुस्तकांचे गाव केले, ते आम्ही सहलीत पाहिले आहे. छान आहे, स्ट्रॉबेरीही छान असते. पण आमच्या मते मोहल्ल्याचे काम अधिक अवघड. तिथे पाहुणे वाचायला येत नाहीत, शेजारचा पोरगा येतो, आणि त्याच्या हातून पुस्तक परत येईल याची कुणी हमी देत नाही. गाडीतला आमचा ‘किशोर’ आठवला.

“माझ्याकडे एक्केचाळीस आहेत,” पोरगी म्हणाली. “पेटी रिकामी केली तर बसतील.” भाईजानची पाठ हलली नाही.

वाचता वाचता साडेबारा झाले आणि पुस्तक संपले. म्हणजे संपले नाही. शेवटची आठ-दहा पाने वाळवीने खाल्ली होती. फरीदी दार ढकलतो, आत कोण आहे ते दिसते, आणि पुढे नुसती भोके. पोरगी रडायच्या बेताला आली. दुसरी प्रत कुठे मिळेल, रेख्ताच्या संकेतस्थळावर असेल का, आम्ही बोलत होतो.

“आत कोण होतं ते मला माहीत आहे,” कठड्याकडून आवाज आला.

सगळे गप्प.

“सातवीत होतो. अब्बांनी दोन थपडा दिल्या होत्या या पुस्तकासाठी.”

“सांगा ना, अब्बा.”

“सकाळी सांगतो. झोपा आता, फजरला उठायचंय.” आणि भाईजानने पुन्हा कूस बदलली.

सकाळी नाश्त्याला त्यांनी सांगितले नाही. आमच्या गाडीची वेळ झाली तेव्हा पिशवी त्यांनीच उचलली; ती हलकी झाली होती, आतली पुस्तके पेटीत गेली होती, आणि बदल्यात तीन ‘जासूसी दुनिया’ आमच्याकडे बांधायला दिल्या होत्या. वाटेत जत्रेची दुकाने लागत होती, पाळणे उभे राहत होते, बांगड्यांचे ढीग, बत्तासे. बापलेक आमच्यापुढे चालत होती. भाईजान हातवारे करून काहीतरी सांगत होते, पोरगी मधेच थांबून “नाही!” म्हणत होती, मग पुन्हा चालू लागत होती. आम्ही मुद्दाम मागे राहिलो.

समजवायचे काम आम्ही केले का, हे भाईजानने विचारले नाही. फलाटावर त्यांनी एवढेच विचारले की कॉलेज भरायच्या आधी परभणीला पोहोचणारी गाडी कुठली, आणि महिन्याचा पास काढायला काय काय कागद लागतात. स्थळाचे काय, असे आम्ही विचारणार होतो. “निकाल लागू द्या, बघू,” ते आपणहून म्हणाले.

गाडी आली. चढताना पोरीने वही पुढे केली, नवे पान दाखवायला. पेनची शाई अजून ओली होती.

“कुठून मिळाले: दादांच्या पेटीतून. किती दिवस: एक रात्र आणि एक सकाळ. गुण: दहापैकी साडेसात. बायका कमी आहेत म्हणून तीन कापले. शेवट अब्बांनी सांगितला म्हणून अर्धा वाढवला.”